ह्यांना द्या

भर बाजारात, भाजीवाल्या बायका ऐकताहेत अशा वेळी, मला कुणी ‘चौदा’ म्हणून हाक मारली तर मी ओ का द्यावी? पण नाना टेलिफोनवाला मारायचा, आणि मी द्यायचो.

माझं नाव बापूराव. वडिलांनी ठेवलेलं चांगलं धडधाकट नाव आहे. इंजिनांचं आणि पंपांचं माझं दुकान, त्याच्या पाटीवर ते वीतभर अक्षरात रंगवलेलं आहे. त्या पाटीखालून जाताना हा इसम वर बघायचा आणि म्हणायचा, “काय चौदा, बरं हाय न्हवं?” चौदा हा माझ्या टेलिफोनचा नंबर. डॉक्टर म्हणजे सहा, वकील म्हणजे अकरा. सरपंचांना तो भर ग्रामसभेत ‘दोन’ म्हणाला, आणि सरपंचांना राग आला तो ‘एक’ कोण म्हणून. एक नंबर पोलीस ठाण्याचा होता. ज्याच्याकडे टेलिफोन नाही त्याला नाना हाकच मारत नसे, बिचाऱ्याला मारणार तरी काय म्हणून?

ही बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. पलूसच्या अलीकडं आमचं गाव. गावाला नवं नवं एक्स्चेंज आलेलं. एक्स्चेंज म्हणजे चावडीमागची एक खोली, खोलीत एक लाकडी बोर्ड, बोर्डासमोर स्टूल आणि स्टुलावर नाना. डायल वगैरे भानगड नव्हती. घरच्या टेलिफोनचं हँडल गरागरा फिरवायचं, की तिकडं बोर्डावर आपल्या नंबराचं झाकण टक्कन पडायचं. मग नाना त्या भोकात पिन खुपसायचा आणि खेकसायचा, “नंबर बोला.” आपण नंबर बोलायचा, की दोरीचं दुसरं टोक तो त्या नंबरात खुपसायचा. झालं बोलणं सुरू. ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा, असला तर तीन मिनिटं झाली की हा मधेच तोंड घालून तोडायचा, मग तिकडं कुणी मरणाचा निरोप सांगत असो.

रात्रीपुरता एक दुसरा माणूस यायचा. बाकी रविवार, दिवाळी, पाडवा, सगळ्या दिवशी नानाच. एकदा ताप भरला तर घोंगडं पांघरून बोर्डापुढं बसला. रजा शिल्लक ठेवून मेलेले सरकारी नोकर मी ऐकलेत, पण रजा हातात असून ती न घेणारा जिवंत सरकारी नोकर तेवढा एकच बघितला. मला वाटायचं, घरी कुत्रं विचारत नसेल. आणि ते खरंच होतं. बायको माहेरी असते एवढंच गावाला ठाऊक होतं, आणि असल्या खवीस माणसापाशी कोण नांदेल, असा निकालही गावानं देऊन टाकला होता.

खवीस म्हणजे किती? एकदा माझ्या मुनिमाला दुकानात विंचू चावला. मी हँडल फिरवलं आणि म्हटलं, नाना, डॉक्टरांकडे द्या, लवकर. हा म्हणतो, “डॉक्टर नावाचा नंबर आमच्याकडं न्हाई. नंबर बोला, चौदा.” अरे गृहस्था, गावात डॉक्टर एक, तू त्याच्याकडून खोकल्याचं औषध नेतोस, आणि तुला ठाऊक नाही? पण नाही. मुनीम तिकडं बोंबलतोय, घाईत मला सहाच्या जागी नऊ आठवला, आणि ह्या पठ्ठ्यानं इमानेइतबारे नऊ लावून दिला. नऊ म्हणजे लाकडाची वखार. वखारवाल्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, किती मण पाठवू?

हे झालं पुरुषांचं. आता बायकांची तऱ्हा ऐका.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेईल तेवढंच, तेही चार बायकांनी अडवून धरल्यावर. एरवी ‘हे’. तर बाई टेलिफोनचं हँडल फिरवायची आणि म्हणायची, “ह्यांना द्या.” कोण, कुठला, कुठं असतो, काही नाही. बरं, गावात टेलिफोन मोजके. त्यामुळे बाई बोलणार शेजारच्या घरून. बोर्डावर झाकण पडणार डॉक्टरांचं आणि बोलणार भलतीच कुणीतरी. आणि विंचवाच्या वेळी माझ्याशी कायदा बोलणारा हाच नाना काय म्हणायचा? “देतो की, वैनी.” आवाजावरून बाई ओळखायची, बाईवरून नवरा ओळखायचा, आणि नवरा या घटकेला कुठं उंडारत असेल ते ओळखून थेट तिथंच पिन खुपसायची. घरात नाही, दुकानात नाही, जिथं बसला असेल तिथं.

बायका त्याला देवमाणूस म्हणायच्या. मी म्हणायचो, चोंबडा आहे. दिवसभर कानाला लावून गावाची उणीदुणी ऐकत बसायचं, आणि वर त्याचा पगार घ्यायचा.

बरं, चुकत नव्हता असंही नाही. मास्तरीणबाईंचा आवाज पडशानं बसला होता, तर यानं त्यांना वकिलांशी जोडून दिलं. बाईंनी वकिलांना यथेच्छ झाडलं. घरात नारळ नाही, पाहुणे येऊन बसलेत, तुम्हाला लाज कशी नाही. आणि कोर्टात वाघासारखे बोलणारे आमचे वकील मुकाट ऐकून घेऊन म्हणाले, बरं, आणतो. दोन नारळ घेऊन घरी गेले तेव्हा कळलं की त्यांच्या घरी कुणी काही मागितलंच नव्हतं. दुसरा एखादा असता तर हसला असता. नाना त्या दिवशी जेवला नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि बाईंना म्हणाला, “वैनी, पडसं हाय तवर चार वाक्यं बोला. आवाज ध्यानात ऱ्हाऊ दे.” मास्तर काठी घेऊन बाहेर आले. मी असतो तर मीही आलो असतो.

आता माझ्यावर काय बेतलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

श्रावणाचे दिवस होते. आमच्या घरात श्रावण म्हणजे कडक, कांदासुद्धा वर्ज्य. माझ्या एका दोस्ताची गावाबाहेर ऑइल मिल. त्यानं बोकड कापला. मी घरी सांगितलं, सांगलीला बेअरिंग आणायला जातो, संध्याकाळ होईल. आणि मिलमध्ये जाऊन बसलो. चार टाळकी जमली, पत्ते वाटले, रस्सा उकळत होता. तेवढ्यात घरी माझे मामेसासरे टपकले. आमच्या मंडळी डॉक्टरांच्या घरी गेल्या, हँडल फिरवलं आणि नानाला म्हणाल्या, ह्यांना द्या, पण हे सांगलीला गेलेत, तिकडच्या बेअरिंगवाल्याकडे ट्रंक लावावा लागेल. आणि हा देवमाणूस म्हणाला, “सांगलीला कशापायी, वैनी? हितंच हायत की मिलमदी. सकाळी तितनंच बोलले.” सकाळी मी मिलमधून एका दोस्ताला बोलावून घेतलं होतं ना, आणि तेही कायद्याप्रमाणे नंबर देऊन!

मिलमधला टेलिफोन वाजला. मीच जवळ होतो, मीच उचलला. एका हातात मटणाची नळी होती. पलीकडून आमच्या मंडळींचा आवाज आला, अगदी गोड.

“सांगलीला पाऊस आहे का?”

तो श्रावण मी कसा काढला ते माझं मला माहीत. बिनफोडणीची दुधी भोपळ्याची भाजी महिनाभर खाऊन बघा.

मग मी तक्रार ठोकली. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. सरकारी माणसानं कायद्यानं वागावं. पुरुषाला एक न्याय आणि बाईला एक, हे कुठलं शहाणपण? सांगलीहून साहेब आला, गळ्यात टाय वगैरे. मी मुद्दाम हजर राहिलो. साहेबानं नानाला स्टुलावरून उठवलं, स्वतः बसला, कानाला लावलं. नाना भिंतीला टेकून उभा. झाकण पडलं. साहेबानं पिन खुपसली. पलीकडून खालच्या आळीची एक म्हातारी बोलत होती, साहेबानं कान दूर धरला होता इतका तिचा आवाज मोठा.

“ह्यांना द्या.”

“हे कोण?” साहेब म्हणाला. “नाव सांगा, नाहीतर ठेवा.”

मी सहज नानाकडं बघितलं. त्याचं तोंड एकदम उतरलं होतं आणि तो भिंतीकडं वळला होता. मला वाटलं, नोकरीच्या भीतीनं. मनातल्या मनात म्हटलं, आता कसं.

मग सरकार नाव विचारतंय म्हटल्यावर घेतलंच पाहिजे असं म्हातारीला वाटलं असावं. घसा खाकरून तिनं उखाणा घेतला. ‘ऊस गेला कारखान्याला, काकवी राहिली घरी, शंकररावांना म्हणावं या, गार झाली भाकरी.’ साहेब माझ्याकडं बघायला लागला. मग त्यानं विचारलं, शंकरराव कुठला नंबर? आता टेलिफोनवर सापडतील असे शंकरराव आमच्या गावात चार. एक पेन्शनीवर आलेला सुभेदार, एक सोसायटीचा सेक्रेटरी, एक पिठाच्या गिरणीवाला, एक नुसताच. नाना भिंतीकडं तोंड करूनच पुटपुटला, “आकरा. वकिलाच्या ओसरीवर बसल्यात.” साहेबाचा पारा आणखीच चढला. ऑपरेटरनं शंकरराव कुठं बसलेत ते ओळखायचं नसतं, असं तो इंग्रजीत म्हणाला, आणि पुढं मराठीत म्हणाला की लवकरच डायल येईल, यंत्र येईल, यंत्राला फक्त नंबर कळतो. तोवर बाई असो की बुवा, प्रत्येकाला नाव विचारायचं, नंबर विचारायचा, न सांगितला तर पिन काढायची.

“बाईमानसाला मी नाव इचारनार न्हाई, साहेब,” नाना म्हणाला.

मग महिनाअखेर सांगलीच्या गोदामात हजर व्हा आणि तारांची भेंडोळी मोजा, असं सांगून साहेब जीपमध्ये बसला. मी घरी जाऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी नाना माझ्या दुकानात आला. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. बोर्डावर लाइनमनला बसवून आला होता, त्यामुळे सारखा चावडीकडं बघत होता. बाकावर बसला नाही. “चौदा,” म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, “बापूराव, तेवढा अर्ज मागं घ्या.”

माझं नाव त्याला येतं हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, का म्हणून? गोदामात रविवारची सुट्टी आहे, डोक्याला ताप नाही, सुखात राहाल. तर म्हणाला, सुख नको, बोर्ड पाहिजे. आणि मग त्यानं जे सांगितलं ते असं.

नोकरीला लागला तेव्हा तो साताऱ्याकडं एका तालुक्याच्या बोर्डावर होता. नवी नोकरी, नवा रुबाब. लग्न होऊन थोडेच दिवस झालेले. बायकोशी काहीतरी वाजलं, कशावरून ते आता त्याला आठवतही नव्हतं, आणि ती खंडाळ्याला माहेरी निघून गेली. हाही अडून बसला. आणि एक दिवस बोर्डावर खंडाळ्याचा ट्रंक आला.

“बाईचा आवाज,” नाना म्हणाला. “म्हनली, ह्यांना द्या. मी म्हनलो, हे कोन? नाव सांगा, न्हाईतर ठिवा. ती गप. परत म्हनली, ह्यांना द्या की. मी पिन काढली.”

काउंटरवरचा वॉशर उचलून नाना बोटात फिरवायला लागला.

“आठ दिसांनी मेव्हना आला. म्हनला, न्यायला या म्हनून सांगायला पोस्टात गेलती. जल्मात पैल्यांदा फोन धरला हातात. तिनं तुमचा आवाज वळखला. तुमी तिचा न्हाई वळखला.”

तो आणायला गेला होता. ती आतून बाहेरच आली नाही. मेव्हण्यानं चहा दिला, चहा पिऊन हा परत आला. निघताना उंबऱ्यातून, आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, परत एकदा फोन कर, आता ओळखीन. पुढं आमच्या गावाला बदली झाली तेव्हा मेव्हण्याकरवी गावाचं नाव कळवलं. तेव्हापासून बढती आली, नाही म्हणाला. बदली आली, हातापाया पडून रद्द केली. आणि गावातल्या एकूण एक बाईचा आवाज पाठ करत बसला.

“तिला माजा नंबर ठाव न्हाई,” तो म्हणाला. “नाव ती घ्यायची न्हाई. गावाचं नाव सांगितलं की फोन बोर्डापतोर येतोय. फुडं ती म्हननार, ह्यांना द्या. तवा हितं मी पायजे, बापूराव. दुसरा बसला तर तो इचारल, हे कोन.”

वॉशर जागेवर ठेवून तो गेला.

माझं मत काही बदललं नाही. चोंबडा तो चोंबडाच. पण मी साहेबाला कळवलं की तक्रार गैरसमजातून झाली, माफी असावी. साहेबानं कळवलं की कागद वर गेला. वर गेलेला सरकारी कागद खाली आलेला कुणी बघितलाय?

रात्री जेवताना मी घरात सगळं सांगितलं. आमच्या मंडळी ऐकत होत्या. मग भाकरी थापायची थांबून म्हणाल्या, “आणि इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः का नाही लावला? साऱ्या गावाचे लावतात.” हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी नानाला विचारलं. तो माझ्याकडं मूर्खाकडं बघावं तसा बघायला लागला. म्हणाला, तिच्या घरी कुठला आलाय फोन, पोस्टात लावावा लागणार. पोस्टमास्तर विचारणार, कुणाला बोलवू. “मग तिचं नाव घ्यावं लागंल की. त्ये मी कवा घेतलं न्हाई.”

हे घरी सांगितलं तर मंडळींनी कपाळाला हात लावला. काय एकेक माणसं असतात, अहो, असं त्या मला म्हणाल्या, आणि खरं आहे, अगं, असं मी त्यांना म्हणालो.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. बोर्डावरचा नानाचा शेवटचा दिवस. दुपार कलल्यावर मी दुकानात हँडल फिरवलं.

“नंबर बोला.”

म्हटलं, ट्रंक पाहिजे. खंडाळा, पोस्ट ऑफिस, पीपी. पीपी म्हणजे नेमक्या माणसासाठीचा ट्रंक. त्या माणसाचं नाव द्यायचं, मग तिकडचा शिपाई जाऊन त्याला बोलावून आणतो, आणि मग बोलणं सुरू.

नाना म्हणाला, “पीपीला नाव लागतंय, चौदा.”

“कायदा मला ठाऊक आहे,” मी म्हटलं. “फोन माझा, ट्रंक मी मागितला. नाव तुम्ही सांगा.”

कानात नुसती खरखर. मला वाटलं, पिन काढली. पण मग तो कराडला ओरडला, कराड साताऱ्याला ओरडलं, सातारा खंडाळ्याला, आणि शेवटी कुठूनतरी विहिरीतून बोलल्यासारखा पोस्टमास्तर आला. कुणाला बोलवू, म्हणाला. नानानं नाव घेतलं. इतकं हळू की पोस्टमास्तर म्हणाला, मोठ्यानं बोला, काही ऐकू येत नाही. तेव्हा नानानं ते मोठ्यानं घेतलं, खंडाळ्यापर्यंतच्या सगळ्या तारांवर गेलं असेल. ते नाव मी इथं लिहिणार नाही. त्यानं ते जन्मात एकदा घेतलं, मी फुकट कशाला वापरू?

“कोण बोलतंय म्हणून सांगू?” पोस्टमास्तरानं विचारलं.

“सांगा, हे बोलत्यात.”

“हे कोण?”

“तिला कळंल,” नाना म्हणाला.

शिपाई गेला. मी कानाला लावूनच बसलो होतो. सोडतो की काय? माझं इतके दिवस ऐकलं ह्यानं, आज माझी पाळी होती. एक गिऱ्हाईक वॉशर मागायला आलं, त्याला हातानंच जा म्हटलं. बऱ्याच वेळानं तिकडं कुणीतरी रिसीव्हर उचलला. बांगड्या वाजल्या. मग काहीच नाही.

“वळखलं,” नाना म्हणाला. ती अजून एक अक्षरही बोलली नव्हती.

मी रिसीव्हर ठेवला. का ठेवला ते सांगता येत नाही. एवढी आयती संधी आली होती आणि घालवली.

दुकान बंद करून मी मिलकडं गेलो. दिवेलागण झाली तरी बोर्डावर झाकणं टकाटक पडतच होती म्हणे, आणि दोऱ्या जागच्या हलत नव्हत्या. दुसऱ्यांचं बोलणं तीन मिनिटांत तोडणाऱ्या माणसाला त्या दिवशी घड्याळ दिसलं नाही. डॉक्टरीणबाई, वकिलीणबाई, मास्तरीणबाई, खालच्या आळीची म्हातारी, सगळ्या हँडल फिरवून फिरवून दमल्या. मी निवांत रमी खेळत बसलो होतो. त्या संध्याकाळी आमच्या गावातल्या एकाही बाईला तिचा नवरा सापडला नाही.